पॉवर टिलरचा पट्टा कसा निवडायचा: मृगाच्या आधी उरकून टाकायचं काम

कोकणातला टिलर वर्षातले बरेच महिने पडवीत नाहीतर मांगरात उभा असतो आणि मृग लागला की त्याला उसंत नसते, एका कुणग्याची (भाताच्या वाफ्याची) चिखलणी आटपली की दुसरा, आपलं झालं की शेजाऱ्याचं. इंजिनाची ओढ पुढे नेणारा पट्टा जातो तो नेमका ह्याच दिवसांत, कारण बाकीचं वर्ष त्याच्यावर एवढा जोरच येत नाही. तरवा (भाताची रोपं) काढून ठेवलेला, लावणीच्या बाया मेरेवर थांबलेल्या, आणि मालक फाटका पट्टा पिशवीत घालून तालुक्याच्या दुकानात, "असाच द्या." दुकानदार पण गर्दीत, तो हाताने अंदाज घेतो आणि एक काढून देतो. पट्टा बसतो, पण चार दिवसांत सटकायला लागतो, किंवा इतका घट्ट होतो की बेअरिंग आवाज करायला लागतं, आणि परत तीच धावपळ.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवा पट्टा पुलीवरून, म्हणजे तो ज्या खोबणीच्या चाकावर बसतो त्यावरून, ठरवा. जुना पट्टा फक्त पडताळा घ्यायला वापरा. जुना ताणून लांब झालेला असतो, बाजूंनी झिजून अरुंद झालेला असतो, आणि कित्येकदा तो मुळातच चुकीचा बसवलेला असतो, मग त्याच्यावरून घेतलेला नवा पण चुकीचाच येणार.

आधी मशीन ओळखा

१२-१३ एचपीचे मोठे डिझेल टिलर, शक्ती काय किंवा कॅमको काय, ह्यांच्यात इंजिनाच्या पुलीवरून मेन क्लचच्या पुलीवर शेजारी शेजारी एकापेक्षा जास्त व्ही-बेल्ट (पाचरीच्या आकाराचे पट्टे) असतात. इथे पट्टा कायम ताणात असतो, क्लच वेगळा असतो. छोट्या पेट्रोल वीडरमधे (तण काढायच्या मशीनमधे) मात्र बऱ्याचदा क्लचच नसतो, हँडलवरचा लिव्हर दाबला की एक छोटी पुली पट्ट्यावर दाबली जाते, पट्टा घट्ट होतो आणि मशीन चालतं, लिव्हर सोडला की पट्टा ढिला. म्हणजे तिथे पट्टा हाच क्लच. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पट्ट्याची जात ठरवताना तो लागणार आहे.

इंजिन बंद, डिझेल कॉक बंद, पेट्रोल असेल तर प्लगची कॅप काढून बाजूला, इंजिन सुरू करायचं हँडल काढून ठेवलेलं, आणि मगच कव्हर उघडायचं. पुली फिरवून बघताना बोट पट्टा आणि पुलीच्या मधे जाणार नाही असं धरा, इंजिन बंद असताना पण बोट चेपतं. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

जुना पट्टा का गेला ते वाचा

घाईत हे कोणी करत नाही, आणि म्हणूनच नवा पण लवकर जातो. पट्टा उन्हात धरून नीट बघा.

दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर तो घसरत होता, म्हणजे ताण कमी होता किंवा पुली झिजलीये. एकच बाजू जास्त झिजली असेल तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. खालच्या बाजूला आडव्या चिरा म्हणजे उष्णता आणि वय, किंवा टेन्शन पुली, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली, फारच लहान. पट्टा फुगलेला, चिकट, नखाने दाबला तर मऊ लागतो, मग तेल किंवा डिझेल लागलंय, आणि ती गळती थांबवल्याशिवाय नवा पट्टा घालणं म्हणजे पैसे चिखलात टाकणं. इंजिनाच्या पुलीमागचं ऑइल सील आणि डिझेल पाइपचे जोड तिथल्या तिथे तपासा. आणि पट्टा चांगला दिसत असताना एकाच जागी पटकन तुटला असेल तर बऱ्याचदा आतले दोरे बसवतानाच तुटलेले असतात, स्क्रूड्रायव्हरने पुलीच्या काठावरून ढकलून चढवल्यामुळे, किंवा मधे दगड अडकल्यामुळे. आपल्याकडे जांभ्याचे खडे उडतात, कव्हर नसलेल्या टिलरला हे हमखास होतं.

पुली तपासा

व्ही-बेल्ट पुलीत पाचरीसारखा अडकून ओढतो. सगळी पकड दोन तिरक्या बाजूंची. पट्ट्याचा तळ खोबणीच्या तळाला टेकता कामा नये. म्हणून टॉर्च मारून खोबणीचा तळ बघा, तो घासून चमकत असेल तर एक तर पट्टा लहान सेक्शनचा, म्हणजे कमी रुंदी-जाडीचा, होता किंवा खोबण झिजून रुंद झालीये. नवीन पट्टा बसल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाबरोबर किंवा अगदी किंचित वर हवी. काठाच्या बरीच खाली गेली तर पुली बदलायची वेळ झाली.

खोबणीच्या बाजू सरळ पाहिजेत. बोटाने चाचपून पोटात खळगा लागतो का बघा, किंवा स्टीलची छोटी पट्टी बाजूला टेकवून मागे उजेड धरा, पाऊण मिलिमीटरच्या वर फट दिसली तर ती पुली नवीन पट्टे खात राहणार. दोन-तीन खोबणी असल्या तर सगळ्या सारख्या झिजल्यात का ते पण बघा, एकच झिजली असेल तर त्या खोबणीतला पट्टा नेहमी ढिला राहतो आणि ओझं बाकीच्यांवर पडतं.

आता आपल्या किनाऱ्याची खास गोष्ट. देवगड, मालवण, गुहागर, श्रीवर्धन, कुठेही समुद्राजवळ मशीन उभं राहिलं की पुलीच्या खोबणीत गंज धरतो आणि गंजाचा खरखरीत थर नवीन पट्ट्याला पॉलिश पेपरसारखा घासतो, पहिल्या दोन-तीन दिवसांतच काळी भुकटी पडायला लागते. तारेच्या ब्रशने गंज काढा, मग बारीक पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. कितीतरी जण हंगाम संपल्यावर गंज धरू नये म्हणून पुलीला काळं ऑइल फासून ठेवतात, हेतू चांगला आहे पण पट्टा तसाच चढलेला असतो आणि पावसाळाभर ते तेल पितो. लावायचंच असेल तर पट्टा उतरवून लावा आणि हंगामाला सुरू करताना पेट्रोलने पुसून पूर्ण वाळवा.

टेन्शन पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा डगडगली तर तिचं बेअरिंग आत्ताच बदला, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, फक्त दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा, उघडं बेअरिंग चिखलणीत टिकत नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूने दाबणारी पुली खोबणीची पाहिजे, पाठीवर दाबणारी असेल तर सपाट. वेल्डिंगवाल्याने कधीतरी भलतीच बसवून दिलेली असू शकते.

सेक्शन ठरवा

पट्ट्याच्या पाठीची रुंदी आणि जाडी म्हणजे सेक्शन. ए म्हणजे १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड, बी म्हणजे १७ बाय ११, सी म्हणजे २२ बाय १४. मोठ्या टिलरना जास्त करून बी असतो, छोट्या वीडरला ए किंवा बी. जुना बी झिजून साडेपंधरा-सोळा भरेल, त्यावरून ए समजू नका. सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे पुलीच्या खोबणीची वरची रुंदी व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीने) मोजायची. बीच्या खोबणीत ए घातला तर तो तळाला जाऊन बसतो आणि कितीही ताणला तरी घसरतो, उलट एच्या खोबणीत बी वरच राहतो आणि उडतो. लांबी जुळली म्हणजे झालं असं समजून असे पट्टे घातलेले सर्रास दिसतात, म्हणून सांगतोय.

लांबी मोजा, इथेच सगळे फसतात

आपल्या बाजारात बी-५७ असं लिहिलेलं असतं त्यातला ५७ म्हणजे पट्ट्याची आतली लांबी इंचात. टेप मात्र आपण बाहेरून लावतो. बी पट्टा बाहेरून मोजला तर आतल्या लांबीपेक्षा सुमारे ७० मिमी, म्हणजे पावणेतीन इंच जास्त भरतो, ए पट्टा ५० मिमी म्हणजे दोन इंच, आणि सी ८८ मिमी म्हणजे साडेतीन इंच.

पद्धत अशी. टेन्शन पुली किंवा इंजिनाचे बोल्ट त्यांच्या सरकण्याच्या पट्टीत साधारण मधे आणा, एकदम टोकाला नको. न ताणणारी बारीक सुतळी किंवा इलेक्ट्रिकची वायर घ्या, नायलॉनची दोरी नको, ती ताणते. दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या काठावरून, पट्टा ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने, टेन्शन पुलीचा बाक धरून, एक वेढा घ्या, जोडावर खूण करा, सोडून सरळ मोजा. समजा भरली १५१७ मिमी. बी सेक्शन आहे, म्हणून ७० वजा, राहिले १४४७, भागिले २५.४, उत्तर ५६.९७. म्हणजे बी-५७. तेच ५९ आणि पाऊण इंचातून पावणेतीन वजा केले तरी ५७ येतात.

पडताळा हवा असेल तर हिशोबाने पण काढता येतं, पण हे टेन्शन पुली पट्ट्याला फारशी वाकवत नसेल तेव्हाच. दोन शाफ्टमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही पुल्यांच्या व्यासांची बेरीज गुणिले १.५७, अधिक व्यासांच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट. अंतर ४५० मिमी, पुल्या १२५ आणि २५० च्या, पट्टा जिथे बसतो त्या वर्तुळावरचे व्यास धरून, तर ९०० अधिक ५८९ अधिक ९, म्हणजे १४९८ च्या आसपास. ही झाली पिच लांबी, म्हणजे पट्ट्यातल्या दोऱ्यांच्या पातळीवरची, बीसाठी त्यातून ४३ वजा केले की आतली लांबी १४५५, भागिले २५.४, पुन्हा बी-५७.

आता हे तीन ठिकाणी ताडून बघा: सुतळीचं उत्तर, जुन्या पट्ट्यावर पुसट राहिलेला नंबर, आणि मशीनच्या पार्ट बुकमधला नंबर. पार्ट बुक आणि सुतळी जुळली तर तो पट्टा डोळे मिटून विकत घ्या. जुन्या पट्ट्याचा नंबर वेगळा निघाला तर सोडून द्या. पार्ट बुक आणि सुतळीच जुळत नसेल तर मशीनमधे काहीतरी बदललेलं आहे, पुली बदलली असेल किंवा इंजिन सरकवून बसवलं असेल, ते शोधा.

काही पट्ट्यांवर साइझच्या पुढे ४९, ५०, ५१ असा आणखी एक छोटा आकडा असतो. तो लांबीचा नाही, मॅचिंगचा आहे. सेटमधल्या सगळ्या पट्ट्यांवर तो सारखा बघून घ्या.

जात कुठली घ्यायची

बाहेरून कापडाचं आवरण असलेला साधा पट्टा, त्याला रॅप्ड म्हणतात, आणि आतल्या बाजूला दाते कापलेला, बाजू उघड्या रबराच्या, तो कॉग्ड, त्यावर एएक्स, बीएक्स असं लिहितात. कॉग्ड लहान पुलीवर सहज वाकतो, कमी तापतो आणि ओढ पण जास्त घेतो. मोठ्या टिलरला, जिथे क्लच वेगळा आहे आणि इंजिनाची पुली लहान आहे, तिथे तो चालतो. पण लिव्हरने पट्टा घट्ट-ढिला होणाऱ्या वीडरला कॉग्ड घालू नका. तिथे प्रत्येक वेळी पट्टा थोडा घसरून मग पकडतो, कापडी आवरण ते घसरणं सहन करतं, उघडं रबर एकदम पकडतं, मशीन झटका मारून पुढे उडी घेतं आणि उतारावरच्या कुणग्यात हे धोक्याचं आहे.

ब्रँडवरून मी भांडणार नाही. फेनर, पिक्स, मित्सुबोशी, गेट्स, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा चालेल, पिक्स तर आपल्या नागपूरची. महत्त्वाचं हे की पट्ट्यावरचं छापील अक्षर स्पष्ट आहे का, बॅच किंवा तारखेचा कोड आहे का, आणि पट्टा दुकानात कुठे लटकत होता. खिडकीच्या उन्हात खिळ्यावर वर्षानुवर्षं टांगलेला पट्टा नवीन म्हणून घेऊ नका, वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की परत द्या.

दोन किंवा तीन पट्टे असतील तर सगळे एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे. एकच तुटला म्हणून एकच घातला तर नवा छोटा असल्यामुळे सगळं ओझं तोच घेतो आणि पहिला तोच जातो. जुन्यातला बरा असेल तो अडीअडचणीला ठेवा, पण नव्याबरोबर चालवू नका.

आणि हे सगळं मे महिन्यात करा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे बराचसा माल कोल्हापूरहून घाट उतरून येतो, पावसात दरड आली की घाट बंद, आणि साइझ तालुक्यात नसली तर एसटीच्या पार्सलची वाट बघत बसायचं.

बसवायचा कसा

टेन्शन पूर्ण सैल करा, इंजिन सरकत असेल तर दुसऱ्या पुलीच्या दिशेने सरकवा, आणि पट्टा हाताने चढला पाहिजे. हाताने चढत नसेल तर टेन्शन अजून सैल करा, तरीही नाही तर साइझ चुकलीये. टॉमी, स्क्रूड्रायव्हर काही लावायचं नाही.

मग रेषा. सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या तोंडाला लावा, चारही ठिकाणी टेकला पाहिजे. पुल्यांची तोंडं सारख्या जाडीची नसतील तर खोबणीच्या मधोमध धरून बघा. ४५० मिमीच्या अंतराला तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक नको.

ताण बघायला अंगठ्याचा अंदाज चालतो पण मोजला तर बरं. दोन पुल्यांच्या मधे जेवढा मोकळा पट्टा आहे, त्याच्या दर मीटरला १६ मिमी एवढा दबला पाहिजे, म्हणजे ४५० मिमीला सात मिमी. त्यासाठी लागणारा जोर बी पट्ट्याला दोन ते तीन किलो, एला साधारण एक ते दीड किलो, प्रत्येक पट्ट्यामागे. स्प्रिंगचा काटा आपल्याकडे घराघरात आहे, मासळी मोजायचा तोच हुक मधोमध अडकवून ओढा. नवीन पट्टा अर्धा तास चालवला की खोबणीत बसतो आणि ढिला पडतो, तेव्हा परत ताण द्या, आणि पहिल्या दिवसाच्या शेवटी पुन्हा एकदा. ही दोन वेळची तपासणी जे करत नाहीत त्यांचेच पट्टे चकचकीत होऊन जातात. अति ताण पण वाईटच, तो शाफ्टचं बेअरिंग खातो.

चिखलणीत पट्ट्यावर पाणी उडून किंचाळायला लागला तर राळ, बेल्टचा स्प्रे, पावडर काही मारू नका. कव्हर नीट बसलंय का बघा, साबणाच्या पाण्याने पट्टा आणि पुली धुवा, वाळू द्या, ताण बघा. कव्हरशिवाय टिलर चालवायचाच नाही, पंचा किंवा साडीचा पदर अडकायला क्षण पुरतो.

राइडिंग मोवर असलेल्यांसाठी

अलिबाग-मुरुडकडच्या फार्महाउसवर आणि काही रिसॉर्टवर बसून चालवायचे मोवर, म्हणजे गवत कापायची मशीन, आहेत, त्यांना वरचं मोजमाप लागू आहे, पण पट्टा मिल स्टोअरमधून घेऊ नका. त्यात दोन वेगळे पट्टे असतात, एक इंजिनापासून गिअरबॉक्सकडे जाणारा ड्राइव्हचा आणि दुसरा पात्यांच्या डेकचा. हे पट्टे पाठीवरून उलटे वाकतात आणि बऱ्याच मॉडेलमधे क्लचचं काम पण करतात, म्हणून त्यांच्या आत बहुतेक वेळा केव्हलारचे दोरे आणि बाहेर कापडी आवरण असतं. साधा ए पट्टा त्याच लांबीचा बसेल आणि थोड्याच दिवसांत ताणून जाईल. सीटखालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन पार्ट नंबरनेच मागवा. आणि एक सापळा आहे, ४एल५४० असा नंबर दिसला तर तो बाहेरची लांबी ५४ इंच सांगतो, म्हणजे लांबीने तो ए-५२ च्या जवळ, ए-५४ च्या नाही. ४एल हे हलक्या मोटारींसाठीचे पट्टे, मोवरच्या ड्राइव्हला तसेही टिकत नाहीत. जुना काढायच्या आधी पट्टा कुठल्या पुलीवरून कसा जातो आणि कुठल्या तारेच्या गाइडच्या आतून जातो त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

ऐन लावणीत तुटला आणि साइझ मिळत नाही

एका नंबरचा फरक म्हणजे २५ मिमी लांबी, म्हणजे इंजिन जेमतेम साडेबारा मिमी सरकवायचं. मोजताना टेन्शन मधे ठेवायला सांगितलं ते ह्यासाठीच, बी-५७ च्या जागी ५६ किंवा ५८ सरकण्याच्या पट्टीत बसत असेल तर सेट पूर्ण त्याच नंबरचा घालून काम उरका. दोन नंबरचा फरक झाला तर बहुतेक टिलरवर टेन्शन टोकाला जातं, तो घेऊ नका. सेक्शनमधे मात्र तडजोड अजिबात नाही. तीनातला एक तुटला आणि दोन धड आहेत तर तुटक्याचे तुकडे काढून, खालच्या गिअरमधे, रोटरची खोली कमी करून हातातला कुणगा पुरा करता येतो, पण दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून पट्टे हात लावून बघा, हात ठेववत नसेल इतके तापले तर बंद करा.

लावणी संपली की मशीन धुऊन वाळवून टेन्शन सैल करून ठेवा. जास्तीचा सेट घरात आणून ठेवला असेल तर त्याला खिळ्यावर टांगू नका, जाड बांबूवर किंवा पाइपवर ठेवा, उन्हापासून, डिझेलच्या कॅनपासून आणि खताच्या गोणीपासून लांब, आणि उंदीर पोचणार नाहीत अशा जागी. मशीनच्या कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने पट्ट्याचा नंबर आणि बदलल्याचा महिना-साल लिहा, पुढच्या वेळी टिलर कोणीही चालवत असला तरी त्याला सुतळी शोधावी लागणार नाही.